कुंभारकाकू आणि अथीनाचा घडा

काकू चहाचा कपसुद्धा कान धरून उचलत नसत. दोन्ही तळहातांत धरत. ‘‘कान दिसायला असतात गं, भरवसा ठेवायला नाही,’’ असं म्हणत.

मूळच्या नागपूरच्या काकू अमेरिकेतल्या आमच्या लहानशा युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये जुनी मातीची भांडी जोडायच्या. आम्ही मराठी मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं कुंभारकाकू. एमएस करताना मी त्यांची असिस्टंट होते.

काकू बोलायच्या कमी आणि लिहायच्या फार. भांड्यावरचा केसाएवढा ओरखडाही त्यांच्या वहीत असे. मी कंटाळले की म्हणत, ‘‘आपण दोघी नसू तेव्हा हे कोण सांगणार?’’

प्रदर्शनाला तीन आठवडे उरले होते. त्यातली मुख्य वस्तू होती अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक घडा. त्याच्या पोटावर काळ्या रंगात भाला-ढाल घेतलेली अथीना देवी. आम्ही तो ढकलगाडीवरून नेत होतो. दारात चाक अडकलं, घडा कलला आणि मी घाबरून त्याचा कान पकडला.

कट्.

कान माझ्या हातात आला. घडा माझ्या छातीवर आदळला, मी दुसऱ्या हाताने त्याला कवटाळलं.

‘‘हलू नकोस,’’ काकू अगदी हळू म्हणाल्या. ‘‘श्वास घे. मी खालून येतेय.’’ गुडघे दुखत असूनही त्या फरशीवर बसल्या, घड्याच्या तळाशी हात घातले. ‘‘आता माझ्याबरोबर खाली. सावकाश.’’ तेवढं अंतर उतरायला किती वेळ लागला कोण जाणे.

देवी वाचली होती. ढालीपर्यंत एक तडा मात्र गेला होता.

संध्याकाळी डायरेक्टरनी विचारलं, ‘‘कान कोणी धरला?’’

‘‘हिने,’’ काकू म्हणाल्या. मला धरणी दुभंगावी असं झालं. पण त्या थांबल्या नाहीत. ‘‘कान पूर्वी कधीतरी चिकटवलेला होता. तो जोड तपासायचं काम माझं होतं, ते राहिलं. गाडीने न्यायचंही मीच ठरवलं.’’

बाहेर आल्यावर मी चिडून म्हणाले, ‘‘माझं नाव घ्यायलाच हवं होतं का? माझा जॉब जाईल, काकू!’’

‘‘तुझं लपवलं असतं, तर माझंही कोणी खरं मानलं नसतं.’’

मला लेखी ताकीद मिळाली. काकूंचं कॉन्ट्रॅक्ट मात्र पुढे वाढलं नाही.

उरलेले दिवस त्यांनी घडा जोडण्यात घालवले. मला शेजारी बसवून घेत. ढालीवरचा तडा रंगवून झाका, असं वरून सांगणं आलं, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. घडा तसाच प्रदर्शनाच्या काचेत गेला.

नंतर त्या मुलाकडे, दूरच्या अर्विंग शहरात निघाल्या. एअरपोर्टवर सोडायला मीच गेले. इतके दिवस मनात असलेलं विचारलं, ‘‘काकू, त्या दिवशी तुम्ही मला ओरडला का नाहीत?’’

‘‘तेव्हा ओरडले असते तर तू घडा सोडला असतास,’’ त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या. ‘‘आता ओरडू का?’’

मला हसायचं होतं. पण मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत राहिले, आणि त्यांची फ्लाइट अनाउन्स झाली.