मिठाच्या डोंगराखालची माणसं

अकरावीला मी तलासरीहून रोज एसटीनं डहाणूच्या कॉलेजात जायचे. वडील तहसील कचेरीत कारकून, आई एका पाड्यावरच्या शाळेत मास्तरीण. कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीला कुठेही नोकरी मिळते असं वडिलांना कचेरीत कुणीतरी सांगितलं, म्हणून आठवड्यातून तीन दिवस कॉलेज सुटल्यावर मला क्लास लावला. तेव्हा आमचा जिल्हा ठाणेच होता, आणि कॉम्प्युटर म्हणजे चपला बाहेर काढून बघायची वस्तू होती.

क्लास डहाणू रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवर, फुगे बनवायच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. जिन्यात रबराच्या चिकाचा उग्र वास यायचा. वर चार कॉम्प्युटर होते. त्यातल्या एकाचाच पडदा रंगीत. सरांनी दिलेला सराव वेळेत संपवला, तर शेवटचा एक तास त्या रंगीत कॉम्प्युटरवर खेळायची परवानगी असे. सरांच्या भाच्यानं मुंबईहून फ्लॉपींवर आणलेले दोन-तीन खेळ होते. मुलं गाड्यांचा खेळ खेळत. अवकाशातल्या जहाजाच्या खेळाला कुणी हात लावत नसे, कारण त्यात वाचायला फार होतं.

तो खेळ आम्ही दोघींनी घेतला.

दुसरी म्हणजे माझी मैत्रीण. तिचे वडील रेल्वेत होते, घर क्वार्टर्समध्ये. घरी गुजराती, शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी ती बाजारात आणि शेजारी शिकलेली. बोलायची झरझर, पण एखाद्या शब्दाचं लिंग हमखास चुकायचं. माझं इंग्रजी म्हणजे पाठ केलेली उत्तरं. त्यामुळे आमची वाटणी पहिल्याच दिवशी ठरली. पडद्यावर येईल ते ती वाचून मला मराठीत सांगणार, आणि काय करायचं ते मी ठरवणार.

"ठरवायला मला नाही जमत," ती म्हणाली होती. "तू बरोबर काय, चूक काय, ते लगेच सांगतेस. तू कप्तान हो."

मला बरं वाटलं. कप्तानाचं नाव टाईप करायचं होतं, तिथे मी माझंच नाव टाकलं.

खेळ असा होता. तुमच्याकडे एक जुनाट जहाज असतं. ते घेऊन तुम्ही एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाता. तिथे माणसं भेटतात, बोलतात, काही मागतात. प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं याचे तीन पर्याय खाली येतात. पर्याय म्हणजे नुसतं हो-नाही नव्हे, अर्धा पडदा भरेल अशी वाक्यं. तुम्ही एक, दोन किंवा तीन दाबायचं आणि गोष्ट त्या वाटेनं पुढे जाते. दुसऱ्या कुठल्याच गोष्टीत मला असं कुणी विचारलं नव्हतं, की बाई, तू असतीस तर काय केलं असतंस?

आणि ती सांगायची किती छान! आवाज बदलून, मध्येच थांबून. तिसऱ्या आठवड्यात आम्ही एका कोरड्या ग्रहावर उतरलो. तिथे मिठाचा डोंगर होता, आणि त्याच्याखालच्या गुहांमध्ये चाळीसेक माणसं लपून राहत होती. एक कंपनी त्यांना खाणीत राबवायची, तिथून ती पळून आली होती. त्यांच्यातली एक म्हातारी पाणी सांभाळायची. मैत्रीण म्हणाली, की ही म्हातारी आलेल्या माणसाला आधी नाव विचारत नाही, 'तहान लागलीय का' असं विचारते. परक्या माणसाशी बोलताना ती नकळत पाण्याच्या भांड्यावर तळहात ठेवते. तिच्या मुलीला कंपनीनं जहाजातून कुठेतरी नेलं, तिच्या वाटणीचं पाणी ती अजून रोज बाजूला काढते. माझे डोळे भरून आले होते. पडद्यावर एक करडा चौकोनी चेहरा होता, पण मला ती म्हातारी पूर्ण दिसत होती.

तिथून निघालो आणि कंपनीच्या माणसांनी आमचं जहाज अडवलं. पळून गेलेली माणसं पाहिलीत का, असं ते विचारत होते.

"एक," मैत्रीण वाचू लागली, "आम्ही कुणालाही पाहिलं नाही. दोन, ती माणसं मिठाच्या डोंगराखाली आहेत. तीन, लढायचं."

पहिल्या पर्यायात मला 'सॉल्ट' हा शब्द दिसला. तेवढा मला येत होता.

"पहिल्यात मीठ कशाला आलंय?" मी विचारलं.

"अगं, मिठाच्या डोंगराकडे आम्ही गेलोच नाही, असं लिहिलंय."

मी एक दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला. कंपनीची माणसं निघून गेली, असं ती म्हणाली. मग म्हातारीनं निरोप पाठवला, की तुम्ही आम्हाला वाचवलंत, आमच्याकडे एक जुनं पण दमदार इंजिन पडून आहे, ते घ्या. आमच्या जहाजाला नवं इंजिन लागलं. आता आम्ही लांबच्या ताऱ्यांपर्यंत जाऊ शकत होतो. पडद्यावर माझ्या नावाखाली एक नवा शब्द आला: इन्फॉर्मर.

"म्हणजे काय?"

"ज्याच्याकडे सगळी माहिती असते तो. मोठा हुद्दा आहे."

मी तो हुद्दा माझ्या क्लासच्या जर्नलच्या कव्हरवर नावाखाली इंग्रजीत लिहिला. सुबक, स्केचपेननं. सरांनी ते वाचलं आणि हसले. मला वाटलं, कौतुकानं हसले.

घरी मी आईला ही गोष्ट सांगितली. आईनं ती तिच्या शाळेत सांगितली. तिथल्या मुलांना ग्रह-बिह फारसे कळले नसतील, पण दूरवरून पाणी आणणं कळत होतं. आई घरी येऊन म्हणाली, "एक पोरगी विचारत होती, त्या म्हातारीला पाणी पुरलं का?"

मी ते मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "बघते हं, निरोप आला असेल." तिनं दोन-चार बटणं दाबली आणि सांगितलं, की म्हातारीला खडकात एक ओल सापडलीय. पुढल्या खेपेला, तिथे एक मूल जन्मलंय. त्याच्या पुढल्या खेपेला, मुलीचा पत्ता लागलाय म्हणे. मी बसमध्ये बसून ते सगळं मनात घोळवत तलासरीला यायचे आणि आईला द्यायचे, आई ते पाड्यावर न्यायची. तीन आठवडे हे चाललं.

मग मैत्रीण चुलतभावाच्या लग्नाला वलसाडला गेली, दहा दिवसांसाठी. मला राहवेना. मी आईच्या शाळेतला इंग्रजी-मराठी शब्दकोश पिशवीत घातला आणि एकटीच रंगीत कॉम्प्युटरपुढे बसले.

त्या खेळात जहाजाची एक रोजनिशी होती. आजवर काय काय घडलं ते त्यात ओळीओळीनं लिहून येई. मैत्रीण ते पान नेहमी ओलांडून जायची. "नुसती यादी आहे, बोअर," म्हणायची. मला वाटलं, वाक्यं लहान आहेत, आपल्याला जमेल.

जमलं. मिठाच्या डोंगराशी पोचायला मला अर्धा तास लागला. तिथे लिहिलं होतं: कप्तानानं कंपनीला गुहांची जागा सांगितली. खालच्या ओळीत होतं: कंपनीनं सर्वांना ताब्यात घेतलं, एकही जिवंत राहिला नाही. त्याच्याखाली: कंपनीकडून बक्षीस, इंजिन एक.

मी शब्दकोशात एकेक शब्द पुन्हा पाहिला. वाटलं, मीच चुकीचं लावतेय. मग माझ्या नावाखालचा तो शब्द शोधला. इन्फॉर्मर: खबऱ्या, चहाडखोर.

सर शेजारून जात होते. मी त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "सर, हे तुम्हाला माहीत होतं?"

"जर्नलवरचं ना? मला वाटलं, गमतीनं लिहिलंयस," ते म्हणाले.

खेळातली माणसं खरी नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण बोट माझं होतं. नाव माझं होतं. आणि तीन आठवडे मी ज्यांच्या पाण्याची, बाळाची खबरबात ऐकत होते, ती माणसं कधीच संपली होती. ते तिला माहीत होतं, आणि माझ्या तोंडाकडे बघत ती दर खेपेला त्यांची नवी बातमी बनवत होती. बसमध्ये मला भरून येई ते आठवलं आणि लाज वाटली. जर्नलचं कव्हर मी त्याच दिवशी बदललं.

आईला सांगितलं तर ती आधी हसली. मग माझा चेहरा पाहून "पोरांची गोष्ट मी आता मोडणार नाही," एवढंच म्हणाली.

मैत्रीण परत आली, माझ्यासाठी लग्नातली मिठाई घेऊन. मी तिला क्लासच्या जिन्यातच गाठलं.

"तू मला खोटं वाचून दाखवलंस."

तिनं 'काय, कधी' असं काही केलं नाही. पायरीवर बसली. "रोजनिशी वाचलीस?"

"हो."

"अगं, इंजिन मिळालं नसतं. कुणाला पाहिलं नाही म्हटलं असतं तर आपण तिथेच अडकलो असतो. मी आधी एकदा एकटीनं खेळून बघितलं होतं."

म्हणजे त्याआधीच ती एकटीनं खेळून आली होती, हेही मला तेव्हाच कळलं.

"मग मला तसं सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते! म्हणून तर विचारायचं असतं ना?"

"पण कुणी मेलं का? डिस्कवरचे ठिपके ते. आणि तुला वाईट वाटू नये म्हणून मी किती मेहनत केली. गोष्ट आवडली ना तुला?"

तिला खरंच कळत नव्हतं की काय, हे मला आजही सांगता येणार नाही. तिनं मिठाईचा पुडा पुढे केला. मी घेतला नाही. खालून कारखान्यातल्या बायका वर बघत होत्या, तशी ती उठली आणि घरी निघून गेली. त्यानंतर ती दुसऱ्या वेळेला क्लासला येऊ लागली.

मी मात्र तो खेळ सोडला नाही. माझा खेळ वेगळा साठवायला कोरी फ्लॉपी घेतली, कप्तानाला दुसरं नाव दिलं, आणि शब्दकोश मांडीवर ठेवून पहिल्यापासून सुरुवात केली. आम्ही दोघी एका तासात जेवढं जायचो तेवढ्याला मला चार-चार तास लागत. मिठाच्या डोंगरापर्यंत पोचायला दोन महिने गेले.

म्हातारी तिथे होती. ती दोन वाक्यं बोलली: पाणी कमी आहे. आम्ही इथे आहोत हे कंपनीला सांगू नका. बस्स. तहान लागलीय का हे ती विचारत नव्हती. भांड्यावर तळहात नव्हता, मुलगी नव्हती, बाजूला काढलेलं पाणी नव्हतं. मी तिन्ही पर्याय लावून पाहिले, तिच्याशी पुन्हा पुन्हा बोलले. तीच दोन वाक्यं.

कंपनीची माणसं आली तेव्हा मी शब्द न् शब्द तपासून खरं ते बटण दाबलं. माणसं वाचली. म्हातारीनं आभार मानले, एका ओळीत. इंजिन मिळालं नाही. जहाज त्याच चार ग्रहांमध्ये फिरत राहिलं आणि पुढची गोष्ट उघडेना. मैत्रीण तेवढ्यापुरतं खरं बोलली होती.

मी बरोबर वागले होते, पण ज्यांच्यासाठी वागले त्यांच्याविषयी मला आता काहीच वाटत नव्हतं. ज्या म्हातारीवर माझा जीव होता ती फ्लॉपीवर कुठेच नव्हती. ती माझ्या मैत्रिणीनं, मला फसवताना, तिथल्या तिथे रचली होती. याचा राग मला आधीच्या रागापेक्षा जास्त आला. खोटं बोललीस तर बोललीस, इतकं सुंदर कशाला बोललीस, असं काहीतरी.

बारावीनंतर तिच्या वडिलांची बदली झाली. ती बडोद्याला शिकायला जाणार होती. जायच्या आधी एका दुपारी ती तलासरीला आमच्या घरी आली, एकटीच. मी खिडकीतून तिला येताना पाहिलं आणि आईला म्हटलं, "मी घरी नाही म्हणून सांग."

"मी नाही सांगणार," आई म्हणाली. "भेटायचं नसेल तर तूच बाहेर जाऊन तसं सांग."

ते मला जमलं नाही. आम्ही चहा प्यायलो. निकालाबद्दल, हॉस्टेलबद्दल बोललो. मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. बस लागलेली होती, ड्रायव्हर आला नव्हता.

ती म्हणाली, "एक विचारू? ती म्हातारी, मी सांगायचे ती. ती खरंच आवडायची ना तुला?"

"हो."

"मला पण," ती म्हणाली. "मी घरी बसून विचार करायचे, आज काय सांगू."

ती माफी मागेल असं मला वाटलं. मी वाट पाहत होते, मागितली असती तर मी विरघळले असते. पण ड्रायव्हर आला, ती चढली आणि खिडकीतून हात हलवत राहिली. मीही हलवला.

दिवाळीच्या सुमारास बडोद्याहून तिचं पत्र आलं. मराठीत, चुकलेल्या लिंगांसकट. हॉस्टेल, मेस, नव्या मैत्रिणी. त्या गोष्टीबद्दल एक अक्षर नव्हतं. मी उत्तर लिहायला बसले. तारीख घातली, गावाचं नाव घातलं, आणि खाली 'प्रिय' लिहायचं की नुसतं नाव लिहायचं, इथेच अडले. त्या कागदावर पुढे काही लिहिलं गेलं नाही, आणि तिनंही पुन्हा पत्र पाठवलं नाही.