धुराड्याची झडप

प्लास्टिकच्या बादल्या आल्या आणि जव्हारच्या बाजारात हारुनच्या पत्र्याच्या बादलीला कुणी विचारेना. हातात कसब असून माशा मारत बसायची पाळी आली. पण हारुन स्वस्थ बसणाऱ्यातला नव्हता. तेलाचे रिकामे डबे कापून त्यानं कमी लाकडात पेटणारी चूल केली, आणि धूर छपराबाहेर नेणारं धुराडं तिला जोडलं. पहिली चूल दिली सूर्यमाळच्या सुकरीला. मोळी विकायला आली की ती दुकानाच्या पायरीवर टेकायची आणि खोकून खोकून बेजार व्हायची. पैसे नकोत, पिकली की नाचणी दे, असं ठरलं. पाड्यावरच्या बाकी बायका तिची चूल बघूनच ठरवणार होत्या. तिची चूल चालली तरच दुकान चालणार होतं.

दिवाळीनंतर तो पाड्यावर गेला. चूल झकास पेटली होती, लाकडंही खरंच कमी लागत होती. धुराडं मात्र काढून अंगणात टाकलेलं, त्यावर कोंबडी बसलेली. घरभर धूर, आणि धुरात सुकरी खोकत होती.

हारुनचं डोकंच चालेना. "अगं, धूर बाहेर जावा म्हणून तर केली ना चूल?"

सुकरीनं वर बोट दाखवलं. चुलीवरच्या माळ्याला नाचणीची कणसं आणि काकडीचं बी टांगलं होतं. "धूर नाय लागला तं बियाला कीड लागते, हारुनभाय. मंग पेरू काय?"

घरी त्याची बायको मदीना पोट धरून हसली. "आधी धूर बाहेर काढायला झटलात, आता आत आणायला झटा."

त्यानं धुराड्यासाठी झडप केली. उघडली की धूर बाहेर, मिटली की घरात. पुन्हा सूर्यमाळला जाऊन त्यानं झडपेसकट धुराडं चुलीला जोडलं. सुकरीनं झडप मिटून बघितली आणि खूश झाली.

"आता उघडशील कधी?" त्यानं विचारलं.

"पेरणी झाली का मंग उघडीन."

"म्हणजे पावसात."

"पावसात छपराचं गवत कुजतं. त्याला धूर लागतो."

"मग पावसानंतर?"

"तवा तं नवा बी टांगायचा."

हारुननं झडप उघडून पुन्हा मिटली. चूल चालली म्हणावं की फसली? तेवढ्यात दारातून शेजारची भागी डोकावली. तिच्यामागे आणखी बायका होत्या.

"आमालाबी अशीच दे, हारुनभाय," भागी म्हणाली. "झडप मिटलेलीच दे."

दुकान वाचलं होतं. आत सुकरी खोकत होती, आणि हो म्हणायला हारुनची जीभ रेटेना.