लेकीचे झटके आणि माझं तोंड

बेंबळी गावात मी आरोग्य खात्याची आशा कार्यकर्ती. मला कुणी नावानं हाक मारत नाही, आशाताई म्हणतात. कैक वर्षं मी दारोदार फिरून बायकांना सांगत आले, फिट आलेल्या माणसाला चप्पल हुंगवू नका, दातात चमचा घालू नका, कुशीवर वळवा. सांगितलं म्हणजे भांडूनच सांगितलं. माझं तोंड असं आहे, की बायका एकतर ऐकतात, नाहीतर दार लावून घेतात. आणि माझीच लेक, दहा वर्षांची, शाळेतून आली आणि उंबऱ्यातच पडून हातपाय झाडायला लागली. शेजारच्या काकू माझ्या आधी पोचल्या, त्यांच्या हातात चप्पल. मी ती हिसकावून अंगणात भिरकावली. "एवढी शिकवण दिली ती मातीतच गेली का?" म्हणाले. काकू अंगणात जाऊन चप्पल उचलायला लागल्या.

नवरा पुण्याला कंपनीत. सासूबाई त्याच्या सहा-सात महिने आधी वारलेल्या. घरात आम्ही दोघीच, त्यात मी दिवसभर सर्व्हेला नाहीतर लसीकरणाला. झटके हप्त्यातून दोन-तीनदा यायला लागले. डोळे गच्च मिटलेले, मान इकडून तिकडं, आणि चांगली दहा-पंधरा मिनिटं चालायचं. मिरगी एवढा वेळ चालत नाही, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. पोरगी सोंग तर करत नाही, ही शंका तेव्हाच मनात शिरली. अर्धवट शहाणपण लई वाईट.

सोलापूरला मेंदूच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख काढला, मी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दोनदा पाहिला. म्हणाल्या, "ही मिरगी नाही. पण मुलगी मुद्दामही करत नाही, झटके खरे आहेत. मनावर काहीतरी ओझं आहे, ते अंगातून बाहेर पडतंय. झटका आला की गर्दी करू नका, घाबरू नका, जवळ शांत बसा. आणि धाराशिवला समुपदेशक बाई आहेत, त्यांच्याकडं घेऊन जा." एवढं सगळं त्या बोलल्या, माझ्या कानात राहिलं पहिलं वाक्य. एसटीत बसल्या बसल्या नवऱ्याला फोन केला, "काई निघालं न्हाई ओ. उगं हेलपाटा." लेक खिडकीपाशी बसून ऐकत होती.

आमचं घर बौद्धांचं. आजेसासऱ्यांनी देव्हारा काढला तेव्हापासून आमच्यात अंगात येणं, गंडा, उतारा यांना थारा नाही. सासूबाई तर या बाबतीत फारच कडक. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की म्हणायच्या, "बघायचं सोडा, देवी आपल्या पायानं घरी जाती." आणि खरंच जायची! त्या गोष्टीचा आम्हाला केवढा अभिमान. तोच इलाज मी पोटच्या पोरीवर केला.

ती पडली की डोक्याखाली उशी सरकवायची आणि पाठ फिरवून भाकरी थापायला बसायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. एकदा काकू आणि गल्लीतल्या दोघी आवाज ऐकून धावत आल्या, तर त्यांना दारातच अडवलं. "काई झालेलं न्हाई तिला. नाटक हाय. बघू नका, आपोआप उठंल." बायका मागं फिरल्या. मला वाटलं, जिंकले.

झटके कमी झाले नाहीत, वाढलेच. आणि पोरगी माझ्याशी बोलायची बंद झाली. जेवतेस का? व्हय. डोकं दुखतंय का? न्हाय. संपलं. गावभर बडबड करून मी घरी यायची, चपला काढायची आणि घरात माझ्याशी बोलायला कुणी नसायचं. समोर पोरगी असून नसल्यासारखी. मला तिचा राग यायचा, मग त्या रागाची लाज वाटायची, आणि दोन्ही सांगावं असं माणूस नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, "तूच तर म्हणलीस काई न्हाई म्हणून."

शेवटी शाळेनं कळवलं, पूर्ण बरी झाल्याशिवाय पाठवू नका. तेव्हा कुठं धाराशिवचा रस्ता धरला. समुपदेशक बाईंनी तिला चित्रं काढायला लावली, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाल्या, "झटका आला की सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते गं?"

लेक कागदावरच बघत म्हणाली, "आई गप बसती त्याची."

"तुला तेव्हा ऐकू येतं?"

"सगळं येतं. भाकरी थापल्याली ऐकू येती. डोळे उघडत न्हाईत फक्त. आजी बी अशीच बोलायची थांबली होती. म्या लई हाका मारल्या. लई येळ."

सासूबाई गेल्या त्या दुपारी मी लसीकरणाला गेले होते. परत आले, बघितलं, हंबरडा फोडला, माणसं जमली, पाहुण्यांना फोन झाले. पोरगी त्यांच्यापाशी एकटी किती वेळ बसली होती, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. गावातल्या एकेका बाळंतिणीला वीस-वीस प्रश्न विचारणारी बाई मी. त्या खोलीत मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यानंतर झटका आला की मी खाली बसायची, तिच्या पाठीवर हात ठेवायची आणि बोलायची. काहीही. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेला जुळी झाली, आज भाजीत मीठ जास्त पडलंय. बोलणं मला काय अवघड? झटके लगेच थांबले नाहीत, पण आखूड होत गेले, मग हप्ते-हप्ते चुकवायला लागले.

एका सकाळी तसाच बारकासा झटका येऊन गेला. ती उठून बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "आई, नाटक म्हणलीस ते माघारी घे."

"घेतलं गं माझे बाई. चुकले मी."

"मला न्हाय. काकूला सांग. तिच्यापुढं म्हणली हुतीस."

काकूंच्या दारात जाऊन चुकले म्हणायचं! पण गेले. काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. लेक माझ्या मागं. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "काकू, पोरगी नाटक करत नव्हती. मी तुमच्यासमोर खोटं बोलले."

काकूंनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "मला ठावं हाय की. तू कामाला गेल्यावर चार-पाचदा पडली ती. म्याच बसायची हात धरून, गाणी म्हणत."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुला कोण सांगणार, बाई?"

मी दारातच उभी राहिले. लेक माझ्या बाजूनं आत गेली, काकूंना खेटून बसली आणि शेंगा फोडायला लागली.