हात वर झाल्याशिवाय आमीन नाही

गेल्या ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी, चर्चमध्ये दुसऱ्या गीतानंतर, आमच्या मोठ्या आत्याकडून आजाऱ्या-अडलेल्यांसाठीची मध्यस्थीची प्रार्थना काढून घेण्यात आली. अन्याय तिच्यावर झाला, आणि त्याहून मोठा झाला तो रिसालीतल्या एका वेल्डरवर. ठेकेदाराच्या कामावर उंचावरून पडून तो अंथरुणाला खिळला होता.

आख्ख्या भिलाईत देवाला एवढं कामाला लावणारी बाई दुसरी नसेल. अडचण एवढीच, की ती मंडळीलाही लावायची. चरोद्याच्या रेल्वे गार्डची ही विधवा प्रार्थनेत आजाऱ्याचं नाव घेतलं की थांबायची, डोळे उघडायची आणि विचारायची, "याच्याकडं कोण जाऊन राहिलं?" हात वर झाल्याशिवाय आमीन नाही. देवाला पत्तासुद्धा सांगायची: "प्रभू, टाकीमागचं घर, दाराशी कुत्रा बांधला असते." पत्ता देवासाठी नव्हताच. एकदा मागच्या बाकावरचे काका कळवळले, "बाई, घरी चिकन थंडं होऊन राहिलं!"

"मंग डब्यात भरा अन् तिकडंच घेऊन जा."

काका गेले. डब्यासकट.

शेवटी पाळकसाहेब गोड आवाजात म्हणाले, "आत्याबाई, गुडघे दुखतात तुमचे, आता आराम करा." गुडघे आत्याचे, सुटका मंडळीची! त्या रविवारी वेल्डरचं नाव एका दमात वाचलं गेलं आणि आमीन असं दणदणीत झालं की मलाही क्षणभर बरं वाटलं. गेलं मात्र कुणीच नाही. पडून पडून त्याच्या पाठीला जखमा झालेल्या; कुशीवर वळवायला दोघं लागत आणि घरात बायको एकटी. आत्या रोज ऑटोनं जाऊन दुसरी व्हायची.

मी चिडलो. "आत्या, तुलेच कावून पडली एवढी?"

"देवाले त्याचं नाव मी सांगतलं ना? तो विचारन, तू पाहून आली का? काय सांगू मंग?"

ईस्टरच्या आधी वेल्डर गेला. मातीला सगळी मंडळी हजर होती. तेवढं आम्हाला छान जमतं.

आता आत्याला खाटेवरून उतरवत नाही. परवा मला म्हणाली, "नुसती तोंडानंच प्रार्थना करून राहिली रे मी." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

त्या वेल्डरच्या बायकोचं नाव हल्ली दर रविवारी वाचलं जातं. मंडळीतले तुम्ही सगळे आमीन म्हणता. आज संध्याकाळी रिसालीला जा. चहा तिला करू देऊ नका, तुम्ही करा.