अब्बांचं नाव घेऊन गेलेला मुलगा

तार आली तेव्हा अब्बा अंगणात बाजेवर बसून ऊस खात होते. कावीळ उतरत आली होती, पण डोळ्यांतला पिवळेपणा अजून गेला नव्हता. हकीमांनी ऊस आणि ताक एवढंच पथ्य सांगितलं होतं आणि अब्बा दोन्हींना कंटाळले होते. पोस्टमन आमच्या रोजच्या ओळखीचा. मयताची तार आहे हे त्याला तार ऑफिसातच कळलं असणार, कारण तो मान खाली घालूनच फाटकातून आत आला. मान वर करून अब्बांना पाहिलं आणि तो जागच्या जागी थबकला.

"चाचा, तुम्ही?"

"मग कोण? ये, ऊस खा."

त्याने तार माझ्या हातात दिली. मी तेव्हा वीस वर्षांची होते. प्राथमिक शाळेत शिकवायला लागून वर्ष झालं होतं, आणि मोहल्ल्यात कुणाचा इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडेच यायचा. तारेत अब्बांचं पूर्ण नाव होतं. ते जहाजावर तापाने वारले, त्यांना समुद्रातच दफन केलं, एवढाच मजकूर.

अब्बा हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. अम्मी हसली नाही. ती चुलीपुढून उठून बाहेर आली, अब्बांच्या कपाळावर, गालांवर, खांद्यावर हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "आजपासून तुमी या फाटकाच्या भायेर जायाचं नाय."

संध्याकाळपर्यंत बातमी बाजारात पोचली होती. बायका डोक्यावर पदर ओढून रडत रडत यायच्या, आणि अब्बा बाजेवरून सांगायचे, "मी हाय, मी हाय. बसा, चा घ्या."

अब्बा वीस वर्षं जहाजावर खलाशी होते. खलाशाचं सगळं आयुष्य एका सरकारी पुस्तकात असतं. कुठल्या बोटीवर केव्हा चढला, केव्हा उतरला, वागणूक कशी होती, हे सगळं त्यात लिहिलेलं, पहिल्या पानावर नाव आणि फोटो. पत्र्याच्या नळीत घालून जपतात म्हणून त्या पुस्तकालाच आमच्याकडे 'नळी' म्हणत. अब्बांची नळी मुंबईला होती. आमच्या भागातल्या खलाशांनी तिथे मिळून एक खोली घेतली होती. बोटीवरून उतरलेले आणि बोटीची वाट बघणारे सगळे तिथे राहायचे. चार महिन्यांपूर्वी अब्बा तिथेच आजारी पडले, आणि दोन माणसांनी धरून त्यांना पनवेलला घरी आणून सोडलं. नळी ठेवलेली त्यांची ट्रंक मुंबईच्या खोलीतच राहिली होती.

आठवड्याने मी आणि अब्बा एसटीने मुंबईला गेलो. ट्रंकेचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत कपडे होते, टोपी होती, नळी नव्हती.

खोली सांभाळणारे म्हातारे ट्रंकेत वाकून बघत होते. मग म्हणाले, "तो उरणकडचा पोरगा तुज्या लक्षात हाय? तुजे पाय दाबायचा तो?"

अब्बांच्या लक्षात होता. बावीस-तेवीसचा असेल, भरती होण्यासाठी सहा महिने गोदीच्या चकरा मारत होता. नवीन माणसाला नळी मिळत नव्हती. अब्बांना ताप चढायचा तेव्हा तोच शेजारी बसायचा, डोक्यावर ओली पट्टी ठेवायचा, औषध आणायचा. पडल्या पडल्या अब्बांनी त्याला सगळं सांगितलं होतं: कुठल्या बोटी केल्या, कुठला कप्तान कसा होता, अम्मीचं नाव काय, मी कुठल्या शाळेत शिकवते. "त्याला फार आवडायचं ऐकायला," अब्बा म्हणाले. "पुन्हा पुन्हा विचारायचा. मला वाटलं, पोरगा जीव लावतोय." ट्रंकेची किल्लीही उशाखाली असायची, आणि उशी तोच सारखी करायचा.

तिथून आम्ही खलाशांच्या कचेरीत गेलो. कारकुनाने नाव ऐकलं, एक जाड वही उघडली आणि बोट ठेवलं. "हा माणूस वारला आहे."

"तो माणूस मी आहे," अब्बा म्हणाले.

कारकून वाईट नव्हता. त्याने जुनी फाइल काढून दाखवली. फोटो वीस वर्षांपूर्वीचा, काळ्या दाढीचा, भरल्या गालांचा. काविळीने सुकलेल्या, पिकलेल्या दाढीच्या अब्बांकडे त्याने पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. त्याचं तरी काय चुकलं? त्या फोटोशी अब्बांपेक्षा तो पोरगाच जास्त जुळला असेल. मग सही करायला सांगितली. आजारपणानंतर अब्बांचं अक्षर बदललं होतं, सही जुळली नाही.

त्यानंतर पाच महिने आम्ही कागद गोळा करत होतो. मामलेदार कचेरीचा दाखला, मशिदीच्या वहीतला निकाहाचा उतारा, शेजाऱ्यांचे जबाब. प्रत्येक ठिकाणी एक कागद कमी पडायचा. बाजारात ओळखीचे लोक थट्टेने विचारायचे, "काय मयत, कुठे निघालात?" पहिले काही दिवस अब्बा हसायचे. मग त्यांनी बाजारात जाणंच सोडलं. कुणी नाव विचारलं की ते क्षणभर अडखळायला लागले, एखादं दुसऱ्याचं नाव सांगताना आपण अडखळू तसे. एकदा मी वह्या तपासत बसले होते. ते शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "बेटा, मीच हाय ना गं?"

मी हसून "अब्बा, काहीतरीच काय!" म्हटलं. पण त्यांना उत्तर हवं होतं. म्हणून मी पेन खाली ठेवलं आणि त्यांना त्यांच्या नावाने, वडिलांच्या नावाने, गावाच्या नावाने पूर्ण हाक मारली. मुलीने बापाचं नाव असं घ्यायचं नसतं. त्यांनी डोळे पुसले आणि "हां," म्हणून उठून गेले.

त्या पोराचा मला फार राग होता. मेलेल्या माणसाचा राग धरू नये हे कळत होतं, तरी होता. पोलिसांत जबाब लिहून द्यायचा होता तो मीच लिहिला. अब्बांनी सांगितलं, "लिही, नळी नेली." मी लिहिलं, 'चोरली.' त्यांनी वाचून घेतलं आणि सही केली.

पावसाळा संपला आणि बोटीवरून मयताची पेटी आमच्या पत्त्यावर आली. अब्बांचं नाव पांढऱ्या रंगाने वर लिहिलेलं होतं. आत अब्बांची नळी होती, दोन लुंग्या, एक स्वेटर, कापडात गुंडाळलेला बायकी चपलांचा नवा जोड, आणि एक पत्र. पाकिटावर उरणच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावाचा पत्ता होता. तिकीट लावलेलं नव्हतं. अक्षर तिसरी-चौथीतल्या मुलासारखं, मोठं मोठं. मी मोठ्याने वाचलं:

"मां, मी बोटीवर हाय. इथं मला वेगळ्या नावानं हाक मारतात. ते नाव एका भल्या मानसाचं हाय. परत आलो की त्यांचं त्यांना देनार. तुज्या पायाचं माप मी सुतळीनं घेतलं होतं. चपला बरोबर होतील."

अम्मीने चपलांवर कापड पुन्हा गुंडाळलं. अब्बा म्हणाले, "तिला तर अजून ठाऊकच नाय." कागदांच्या नादात हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं. सहा महिने एक बाई मुलाची वाट बघत होती आणि तिला मिळायची तार आमच्या घरी पडली होती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं निघालो. एसटी होती तिथवर एसटीने, पुढे मिठागरांच्या बांधावरून चालत. घर मशिदीच्या मागे, एकाच खोलीचं. बाई मासळी वाळत घालत होती. अब्बांनी उंबऱ्याबाहेरच टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी अम्मीनेच तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि सांगितलं. अम्मीच्या तोंडून ते इतकं साधं आलं की मला आजही त्याचं नवल वाटतं. "बाय, तुजा पोरगा गेला. ताप आला नि गेला."

ती खूप वेळ अम्मीच्या खांद्यावर डोकं ठेवून होती. मग तिने अब्बांना विचारलं, "त्याची नमाज कुनी पढली?"

"बोटीवरच्या लोकांनी. पण माझ्या नावानं."

गावातली माणसं जमली होती. अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर मशिदीत, मयत समोर नसताना पढतात ती नमाज झाली. त्याचं खरं नाव घेतलं गेलं. अब्बा पहिल्या रांगेत होते. आम्ही बायका घरात बसलो होतो, आणि तिने चपला मांडीवर घेतल्या होत्या. घालून बघितल्या नाहीत.

निघताना अब्बांनी तिला कागदांबद्दल काहीच सांगितलं नाही. ते मी सांगितलं. तेव्हा मला ते बरं वाटलं नव्हतं, आणि अजूनही पूर्ण बरं वाटत नाही. मी म्हटलं, "मावशी, वहीत अजून माझे अब्बाच वारलेत. तुम्ही जबाब दिलात तर..."

अब्बा माझ्यावर ओरडले, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. ती मात्र उठली, हात धुतले आणि म्हणाली, "कुठं अंगठा लावायचा? माजा पोरगा मेला असं लिवा. नायतर हे जिते कसे होतील?"

पाटलासमोर तिने जबाब दिला. पत्र आणि नळी जोडून आम्ही तो कचेरीत नेला. महिन्याभरात अब्बांचं नाव वारलेल्यांतून काढलं, आणि तिथे त्या पोराचं नाव लिहिलं. कारकुनाने नव्या पुस्तकासाठी नवा फोटो मागितला. पनवेलच्या फोटोवाल्याकडे अब्बा कोट घालून बसले आणि त्याने तीनदा सांगूनही हसले नाहीत.

त्यानंतर ते चार वर्षं जहाजावर जात राहिले. सुट्टीवर आले की आधी घरी, आणि दुसऱ्या दिवशी उरणच्या एसटीत. कधी चहाची पत्ती न्यायचे, कधी घोंगडी. माझ्या लग्नात ती आली होती. वऱ्हाडातल्या कुणीतरी तिला विचारलं, तुम्ही मुलीच्या कोण? ती गोंधळली. अम्मी पलीकडून म्हणाली, "घरच्याच हायत. त्यांना आधी जेवायला वाढा."