हिच्या काकांची सायकल

अमिरातीत सगळ्यांचा सगळ्यांवर विश्वास आहे, एक आमच्या हिचे काका सोडून. इथे माणसं किराणा दुकानासमोर गाडी चालू ठेवून दूध आणायला उतरतात. मॉलमध्ये टेबल अडवायचं तर त्यावर मोबाइल ठेवून खुशाल रांगेत जाऊन उभी राहतात, आणि परत येतात तेव्हा मोबाइल तिथेच असतो. अशा देशात हिच्या काकांनी उमेदीची सगळी वर्षं सायकलला कुलूप लावण्यात घालवली. बरं, एक कुलूप नव्हे. मागच्या चाकाला सायकलीबरोबर आलेलं गोल कुलूप होतं, पण काकांच्या लेखी तो नुसता दागिना. म्हणून त्यावर साखळी, साखळीला नंबरचं कुलूप, नंबरच्या कुलपाचा भरवसा नाही म्हणून त्याच साखळीत गावाहून आणलेलं पितळी कुलूप, आणि पुढच्या चाकाला वेगळी साखळी. ती कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "मागची उघडलीच कुणी, तर पुढचीपाशी घाम फुटला पाहिजे त्याला." एवढं बांधून झालं की ते सीट उपसून काढत आणि काखेत मारून चालू लागत. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, इथे बायका अंगभर सोनं घालून मध्यरात्री फिरतात, कुणी हात लावत नाही. तुमची सायकल कोण नेणार?" ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, सोन्यावर बसून ड्यूटीला जाता येत नाही."

खोटं कशाला बोलू, सायकली जायच्याच. रास अल खैमाच्या त्या भागात आम्ही सगळे कारखान्यांतले लोक. ज्याची ड्यूटी चुकायला आली त्याला भिंतीला टेकलेली सायकल दिसली की धर्म-अधर्म आठवत नसे. पण काकांच्या संशयाचं मूळ चोरीत नव्हतं, त्यांच्या नोकरीत होतं. टाइल्सच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. नवा हातमोजा हवा असेल तर आधी फाटका दाखवा, हा त्यांचा कायदा. एका बड्या इंजिनिअरने उजव्या हाताचा फाटका मोजा दाखवून जोडी मागितली, तर काका म्हणाले, "साब, लेफ्ट तो अच्छा है आपका," आणि एकच मोजा हातावर ठेवला. माझी बायकोसुद्धा मला त्यांच्याच स्टोअरमधून मिळाली म्हणायची. मी तेव्हा त्याच कारखान्याच्या अकाउंट्समध्ये नवा, एकटा जीव. पुतणीसाठी त्यांनीच मला पसंत केलं. शिक्षण, पगार, घरदार हे सगळं त्यांनी नंतर विचारलं. आधी कितीतरी दिवस ते माझ्यावर पाळत ठेवून होते, आणि मी सायकल लावल्यावर दोन पावलं जाऊन पुन्हा मागे येऊन कुलूप ओढून बघतो, हे पाहिल्यावर त्यांनी गावी फोन लावला होता. "मुलगा सांभाळणारा आहे," एवढंच ते म्हणाले होते म्हणे. माझ्याविषयी एवढं चांगलं त्यानंतर सासरचं कुणी बोललेलं नाही.

बाजारात सायकल लावण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. सायकल नेहमी आपल्यापेक्षा चांगल्या सायकलीशेजारी लावावी. "चोर गाढव असतो, आंधळा नसतो," हे त्यावरचं भाष्य. पण चांगली सायकल आधीच तिथे उभी असावी लागते, ही या शास्त्रातली अडचण. एकदा आम्ही दोघं मासळी आणायला गेलो. खांबाशी नुसत्या मोडक्या सायकली. काका म्हणाले, थांबू थोडं, येईल एखादी चांगली. आम्ही उन्हात उभे. मग एक फिलिपिनो मुलगा गियरची सायकल घेऊन आला. काकांनी आपली तिच्या शेजारी लावली, सगळी कुलपं घातली, सीट काढली, आणि तेवढ्यात तो मुलगा पाण्याची बाटली घेऊन सायकलीवर बसून निघूनही गेला. काकांनी सगळी कुलपं परत काढली. असं करता करता दुपार झाली, बाजार बंद झाला, आणि इथला बाजार दुपारी बंद झाला की संध्याकाळीच उघडतो. त्या दिवशी आम्ही डाळभात खाल्ला. मात्र सायकल सुखरूप होती, हे काकांनी जेवताना मला आवर्जून लक्षात आणून दिलं.

आमच्या मुलाचं बारसं दुबईत झालं. आम्ही तोवर अल बर्शाला राहायला आलो होतो. काका बसने आले. सायकल त्यांनी तिकडे रास अल खैमाच्या बसस्टँडवर बांधली होती, त्यामुळे सीट अर्थातच त्यांच्याबरोबर दुबईला आली, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. हिच्या एका मैत्रिणीने ती भेटवस्तूंच्या ढिगात ठेवली. जेवणं झाली आणि काका सीट शोधू लागले. मग अर्ध्या बायका झबली-टोपडी बाजूला करून त्यांच्याबरोबर शोधायला लागल्या. सीट सापडली तेव्हा एक आजी कौतुकाने म्हणाल्या, "हळूहळू एकेक भाग देणार का हो बाळाला?" काका लाजले, पण सीट काही त्यांनी दिली नाही.

खंडेनवमीला तर बघायलाच नको. ज्याच्या जिवावर पोट भरतं त्याची पूजा करायची, म्हणून रास अल खैमाला काकांच्या बिल्डिंगमधले मराठी लोक आपापल्या गाड्यांना हार घालत. काका सायकलीला हार घालत, आणि मग प्रत्येक कुलपाला वेगळं गंध-फूल वाहत. पूजा चालू असताना सायकल कुलपातच असे. मी म्हटलं, "काका, देवासमोर तरी उघडा." ते म्हणाले, "देवाचं काही नाही हो. प्रसादाला माणसं येतात."

हसण्यासारखं खूप होतं, पण या सगळ्या कुलपांमागे जे होतं ते आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. काकू आणि मुलगी कणकवलीजवळच्या गावी. काका दर दोन वर्षांनी सुट्टीवर जायचे. इतक्या वर्षांत एकदाच, मुलगी तिसरीत असताना, शाळेच्या सुट्टीत दोघी व्हिजिट व्हिसावर इथे राहून गेल्या. तेव्हा काकांनी ही सायकल नवी घेतली होती. दांडीची, काळी, उंच. ऊन उतरल्यावर बिल्डिंगमागच्या वाळूच्या मोकळ्या जागेत ते पोरीला शिकवत. आधी हाफ पॅडल, मग दांडीवरून. ती पुढे, आणि मागे कॅरिअर धरून धावणारे घामाघूम काका. विमानतळावर ती काकांसाठी रडली नाही, सायकलीसाठी रडली. बाप दर दोन वर्षांनी भेटून दुरावणार, हे तिला सवयीचं होतं. काका तिला म्हणाले, "रडू नको. तुझी सायकल मी सांभाळतो. एक दिवस गावी घेऊनच येतो." त्या शब्दापायी ही सगळी कुलपं होती. मुलगी मोठी झाली, पुण्यात नोकरीला लागली, लग्न करून मोकळी झाली, तरी काकांचा शब्द काही जुना झाला नाही. सायकल लिफ्टमधून वर जायची आणि त्यांच्या खोलीत, पलंगाच्या पायाला बांधून निजायची. काकूंचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "सवत बरी आसा ना?" काका वळून एकदा बघत आणि सांगत, "आसा."

निवृत्तीला थोडे महिने राहिले आणि बिल्डिंगला नवा मुदीर, म्हणजे मॅनेजर आला. त्याने फर्मान काढलं, लिफ्टमध्ये सायकल नाही, खोलीत सायकल नाही, सगळ्या खाली पार्किंगमध्ये. काकांनी आपण आजवर नियमाने भाडं भरणारे आहोत इथपासून सुरुवात करून त्याला खूप समजावलं. तो प्रत्येक वाक्याला "इन्शाल्ला" म्हणाला आणि नियम तसाच राहिला. मग काकांनी आयुष्यातली सगळ्यात थोर युक्ती काढली. सायकलीला वेष बदलायला लावायचा. त्यांनी हँडलला गोणपाट गुंडाळलं, दांडीला फाटक्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, चाकांवर चिखल थापला आणि तो वाळू दिला. सीट तर नव्हतीच, तिथे एक चिंधी बांधली. कुलपं चिंध्यांखाली चाकांनाच घातली, खांबाला सायकल बांधली नाही, कारण कचरा कुणी बांधून ठेवत नाही. मला फोनवर ते फार खुशीत सांगत होते, "जावईबापू, अशी झालीय की चोर बघेल आणि दोन दिरहम टाकून जाईल."

युक्ती नको तेवढी यशस्वी झाली. काका दोन दिवस आमच्याकडे आले होते. परत गेले तर पार्किंग झाडून लख्ख, आणि खांबाशी काही नाही. नातूर, म्हणजे आपला वॉचमन, त्यांना रोज सलाम करणारा साधा बांगलादेशी माणूस. तो कानाला हात लावून म्हणाला, "चाचा, मुदीर बोला सब कचरा निकालो. मेरे को क्या मालूम वो साइकिल है?" भंगारवाला गाडी भरून घेऊन गेला होता. काकांचा मला फोन आला. मी आधी हसलो, कारण ऐकताना ते विनोदीच वाटलं. मग ते म्हणाले, "जावईबापू, पोरीला काय सांगू?" त्या आवाजाने माझं हसू जागच्या जागी विरलं. मी ऑफिसात अर्धा दिवस टाकला आणि गाडी काढली.

भंगाराचं ते आवार डोंगराच्या पायथ्याशी होतं. जुने एसी, दारं, पत्रे, आणि सायकलींचा एक ढीगच. काका त्या ढिगाभोवती फिरू लागले. मी इतक्या वर्षांत त्यांना रिकाम्या हाताने प्रथमच बघत होतो, सीटसुद्धा गाडीत विसरली होती. तेवढ्यात मालक आला, एक दणकट पठाण, आणि आम्ही काही विचारायच्या आत कुरकुरायला लागला. "चाचा, वो ताला वाला तुम्हारा है क्या? हमारा ब्लेड खलास कर दिया! ये साइकिल है या बँक?" ढिगाच्या पलीकडे, एकटीच बाजूला फेकलेली, चिखल-चिंध्यांसकट ती पडली होती. दुसऱ्या सायकली तोडून झाल्या होत्या, हिची कुलपं कुणाला तुटली नव्हती. काका तिच्याजवळ खालीच बसले. चाकावर हात ठेवून ते रडले, अगदी उघड. पठाणाने आत जाऊन बिनदुधाचा सुलेमानी चहा आणला. "यल्ला, ले जाओ," एवढंच म्हणाला.

न्यायची कशी, हा प्रश्न पुढे होताच. कुलपं उघडल्याशिवाय चाक हलेना, आणि चोराला सगळ्या किल्ल्या एका ठिकाणी सापडू नयेत म्हणून काकांनी आमच्याकडे येताना त्या वाटून ठेवल्या होत्या. एक तांदळाच्या डब्यात, एक कारखान्यातल्या कपाटात, आणि पितळी कुलपाची आमच्या अल बर्शाच्या देव्हाऱ्यात. शेवटी पठाणाने आणि मी सायकल उचलून डिकीत कोंबली. झाकण अर्धवट उघडं राहिलं. काका वाटभर मागे वळून बघत होते.

सायकल कार्गोने गावी गेली. पॅकिंगवाला मल्याळी मुलगा म्हणाला, "अंकल, साइकिल का वेट कम है, लॉक का जास्ती," पण काकांनी एकही कुलूप उतरवलं नाही. मागोमाग तेही गेले. पोरीला दिलेला शब्द त्यांनी पाळला. गणपतीला ती आली, अंगणात एक चक्कर मारली, फोटो काढला आणि सुट्टी संपली तशी पुण्याला गेली.

परवा मी त्यांना फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग सवयीने विचारलं, "सायकल काय म्हणते? कुलपं गंजली नाहीत ना तिकडच्या हवेत?"

"कुलपं काढून ठेवली हो," काका म्हणाले.

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. "आणि सायकल?"

"फाटकाबाहेर असते. रस्त्याकडेला."

"काका, कुणीतरी नेईल!"

मागे कुठेतरी काकू कोंबड्यांना बोलावत होत्या, दुसरा आवाज नव्हता. "कोण नेणार, जावईबापू? शाळा बंद झाली गावातली. अर्धी घरं कुलपात आहेत. कुणी मुंबईला, कुणी तुमच्याकडे दुबईला. मी मुद्दामच बाहेर लावतो, सीटसकट. चिखल धुऊन, हवा भरून. सकाळी उठलो की आधी जाऊन बघतो."

"काय बघता?"

"नेली का कुणी, ते," काका म्हणाले. "नेली तर बरं वाटेल हो. गावात एखादं पोर आहे अजून, एवढं तरी कळेल."