बर्फातल्या गाड्या आणि सुनंदाताई

तीन माणसं एका खोलीत वर्षभर गाड्या मोजत बसली की किस्से साठतातच. आमच्या ऑफिसात डबे कमी आणि किस्से जास्त उघडतात. ऑफिस अमरावतीत, काम नॉर्वेतलं. तिथल्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांना बर्फातही गाड्या ओळखता याव्यात, म्हणून फोटोतल्या गाड्यांवर चौकोन काढून सॉफ्टवेअरला शिकवायचं. आम्ही पाहिलेला बर्फ फक्त रसवंतीतला!

*

पहिल्याच आठवड्यात तिकडच्या साहेबांचा, लार्सचा फोन. "आमच्याकडे कापसाचे एवढे ट्रक कुठून आले?"

शहरातला बर्फ ट्रकमध्ये भरून नेतात, हे आम्हाला कुठे ठाऊक! आमच्या खोलीतल्या सुनंदाताईंनी पांढरं भरलेल्या प्रत्येक ट्रकवर 'कापूस' लिहिलं होतं. ताई भातकुलीच्या, घरी कपाशी. चूक दाखवली तर म्हणाल्या, "मंग ताडपत्री काहून नाही टाकली? माल सांडून राहिला ना."

*

मार्चमध्ये एकदा दोन तास एकही गाडी दिसेना. कॅमेऱ्याच्या काचेवर बर्फ बसला होता. आमच्या देशमुख सरांनी तेलाचा पिपा कापून कॅमेऱ्यासाठी नमुन्याची छपरी केली आणि भर मे महिन्यात गच्चीवर चाळणीनं वरून पीठ भुरभुरवून तपासली. खालून शेजारच्या काकू म्हणाल्या, "सर, पापड करून राहिले का?"

छपरीचा फोटो लार्सला गेला. त्यानं तशीच बनवून घेतली.

*

मग जानेवारीत परीक्षा ठरली. बर्फाच्या वादळात तासभर मोजणी. एका गाडीचाही फरक पडला तर काम पुण्याच्या दुसऱ्या कंपनीला, म्हणजे आमच्या खोलीला कुलूप.

पांढऱ्या रस्त्यावर पांढरी गाडी आली की सॉफ्टवेअर गडबडायचं. ताई म्हणाल्या, "गाडी कायले शोधता? चाकोरी पाहा. वावरात पाऊस पडला का चाकांच्या खुणेवरून सांगतो मी, कोणाची बैलबंडी गेली ते."

आम्ही बर्फातल्या चाकोऱ्यांवरही चौकोन काढले. सॉफ्टवेअर सुधारलं.

*

परीक्षेचा दिवस. कॅमेरा वळणाच्या अलीकडे, लार्स वळणापलीकडे पुलाजवळ बसून हातानं मोजणार. तास संपला. लार्सच्या गाड्या चाळीस, आमच्या एक्केचाळीस.

"बर्फाच्या ढिगाला गाडी समजलात," लार्स फोनवर म्हणाला. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ताईंनी व्हिडिओ मागे नेला आणि स्क्रीनला नाक लावून पाहत बसल्या.

"सर, त्याले म्हणा, वळणावर एक चाकोरी रस्ता सोडून खाली उतरली. वर आलीच नाही. लवकर जा म्हणा, माणूस आहे तिथं."

लार्स फोन सुरू ठेवूनच धावला. आम्हाला नुसता वारा ऐकू येत होता. मी चक्क देवाचं नाव घेत होतो. बऱ्याच वेळानं तो धापा टाकत बोलला. खड्ड्यात गाडी होती, अर्धी बर्फाखाली. आत एक म्हातारा, गारठलेला, पण शुद्धीवर.

ताईंनी पदरानं डोळे पुसले. "त्या म्हाताऱ्याले विचारा, जेवला का."

सरांनी इंग्रजीत विचारलं. तेवढ्यात फोन कटला.

दुसऱ्या दिवशी लार्सचा सही केलेला रिपोर्ट आला. गाड्या: एक्केचाळीस. खाली शेऱ्यात एकच ओळ होती, "ताईंना सांगा, जेवला."